ट्रेलरांची रांग यार्डाच्या आत लावा

मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

उरण तालुक्यात अंधार पडल्यावर दुचाकीवरून कुणी निघालं की घरच्यांच्या जिवाला घोर लागतो. जासईहून करळ फाट्याकडे या, नाहीतर द्रोणागिरी, भेंडखळकडे वळा; सर्व्हिस रोडवर ट्रेलर उभेच. मागचा दिवा बंद, रिफ्लेक्टरवर चिखलाचा थर. पावसात असा ट्रेलर पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. त्यावर आदळून आमच्याकडची तरणीताठी पोरं गेली आहेत.

न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं. 2023-24 मध्ये तिथे वीस फुटी मापाने 64 लाखांहून जास्त कंटेनर हाताळले गेले. त्यातले बहुतेक आजही रस्त्यानेच ये-जा करतात. बंदराला आमचा विरोध नाही. पण याच भागातल्या शेतकऱ्यांनी नवी मुंबईसाठी जमिनी दिल्या, त्यांच्या रास्त मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये पाच जण हुतात्मे झाले. निदान उरलेला रस्ता तरी आम्हाला मोकळा हवा.

हे ट्रेलर हौसेने थांबत नाहीत. भरलेला कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर-माल हाताळणी केंद्रात न्यायचा, रिकामा यार्डात टाकायचा. दोन्हीकडे कागद आणि क्रेनसाठी ताटकळणं आलंच. आत जागा नसली की गाडी गेटबाहेर. मग दंडाची पावती फाटते ड्रायव्हरच्या नावाने. तो चाकाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून भात शिजवत असतो, त्याला ना शौचालय, ना पाणी. ज्या यार्डाने त्याला बाहेर ठेवलं, त्याला जाब कोण विचारणार?

ठराविक वेळेत अवजड वाहनांना बंदी, हा उपाय आम्हाला पुरेसा वाटत नाही. तेवढा वेळ गाड्या गावांच्या वेशीवर साचतात, इतकंच.

मोटार वाहन कायद्याचं कलम 122 धोकादायक जागी वाहन सोडायला मनाई करतं. ते रात्रीही लागू करा: गस्त ठेवा, क्रेन ठेवा, दिवे-रिफ्लेक्टर नसलेली गाडी पुढे सोडू नका. सीएफएसची परवानगी आपल्या खात्याकडे नाही, हे ठाऊक आहे. पण सीमाशुल्क विभाग, बंदर प्राधिकरण, सिडको आणि वाहतूक पोलिसांची एकत्र बैठक आपण नक्की बोलावू शकता. आत जागा असल्याशिवाय गाडी बोलवायची नाही आणि गेटबाहेरच्या रांगेचा दंड यार्डाने भरायचा, एवढं त्या बैठकीत ठरवून घ्या. बैठक उरणलाच घ्या, आणि आमच्या ग्रामपंचायतींनाही बोलवा.

आपला,
उरण तालुक्यातील एक रहिवासी