‘झेपत नसेल तर संस्थेत टाका’ : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आपल्या खात्याची. आई-बाप नसलेल्या, किंवा असून नसल्यासारख्या मुलांना बालगृहासारख्या संस्थेत न ठेवता घरच्या माणसांत वाढू द्यावं आणि त्या घराला सरकारने महिन्याला थोडा हातभार लावावा, अशी ती योजना. कल्पना चांगली आहे, हे आधीच लिहून ठेवते. माझ्या बहिणीची दोन मुलं याच योजनेतून माझ्याकडे आहेत. मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मालक बाजार समितीत हमाली करतात. आमचा स्वतःचा एक मुलगा आहे.

गेल्या आठवड्यात जिल्ह्याला कार्यालयात गेले होते. दिवाळीच्या आधी नक्की जमा होईल असं सांगितलेला हप्ता अजून आलेला नव्हता. तिथे कळलं की थोरलीचं नाव यादीतून कमी केलंय, तिला १८ पूर्ण झाली. आणि धाकट्याचं म्हणाल तर ‘वरून निधी नाही’. मी म्हटलं, पोरीची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे, आता मी काय करू? त्यावर साहेब म्हणाले, “बाई, झेपत नसेल तर मुलाला संस्थेत टाका. तिथं सगळं फुकट होतं.”

धाकटा माझ्या शेजारी उभा होता. बारा वर्षांचा आहे, सगळं कळतं त्याला. एसटीत घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. रात्री थोरलीला विचारत होता, संस्था कुठे असते, आणि तिथून शाळेत जाता येतं का.

म्हणून हे पत्र. अर्ज पुष्कळ दिलेत, त्यांच्या पोचपावत्यांची पिशवी घरात खुंटीला टांगलेली आहे. अर्जाला उत्तर येत नाही म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मंत्री महोदय, बाल न्याय अधिनियम २०१५ मी फोनवर वाचला. कळायला जड गेलं, पण वाचला. त्याच्या कलम ३ मध्ये तत्त्वं दिली आहेत. मूल सांभाळण्याची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. शेवटचा! मग तुमच्या खात्याच्या माणसाला तो पहिला कसा सुचतो? मी मूल टाकायला आले नव्हते. मी हप्ता विचारायला आले होते.

आता आमची कथा थोडक्यात सांगते, कारण तुमच्या फॉर्ममध्ये ती मावत नाही. बहीण २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. तिचा नवरा २०१९ मध्येच घर सोडून गेला होता, त्याचा पत्ता नाही, पोलिसांत नोंद आहे. करोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याने पाच लाखांची ठेव दिली, केंद्राने दहा लाखांची योजना काढली. ज्यांना मिळालं त्यांचं भलं होवो. या दोघांना त्यातलं काही नाही, कारण बाप कागदावर जिवंत आहे. अनाथांना २०१८ पासून एक टक्का आरक्षण आहे, तेही यांना नाही, कारण तेच. सात वर्षं माणसाची खबर नसेल तर कायदा तो मेल्याचं धरतो, पण तेही कोर्टात जाऊन मिळवावं लागतं. तोपर्यंत हा जिवंत बाप माझ्या घरात भाकरी आणत नाही, फी भरत नाही, फक्त प्रत्येक फॉर्मवर आडवा येतो.

बँकेत मुलाचं खातं काढायला गेले तर नैसर्गिक पालक कोण, म्हणून विचारलं. १९५६ चा कायदा आहे म्हणे, त्याप्रमाणे बाप, नंतर आई. मावशी कुठेच नाही. पालक म्हणून कोर्टाचा आदेश आणा, म्हणाले. तो आणायचा तर वकील, आणि वकिलाला पैसे. म्हणजे सरकारचे महिन्याचे पैसे घ्यायला मी आधी स्वतःच्या खिशातले घालवायचे. शेवटी शाखेतल्या एका बाईंना दया आली म्हणून खातं निघालं. माझ्या मुलांचा हक्क कुणाच्या दयेवर का असावा?

आणि कागद! मुलांचे आधार, माझं आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, बँकेचं पासबुक, आईचा मृत्यूचा दाखला, आणि घरासमोर मुलांना उभं करून काढलेला फोटो. एकदा दिले तर समजू शकते. नूतनीकरणाला पुन्हा तेच. पुन्हा मृत्यूचा दाखला. माझी बहीण दर वर्षी मेली हे मी दर वर्षी सिद्ध करायचं का? आणि त्या फोटोला मुलं तयार होत नाहीत. थोरली गेल्या खेपेला म्हणाली, मावशी, आपण गरीब दिसायला पाहिजे का नीटनेटकं? मला सांगता आलं नाही.

एवढं सगळं कशासाठी? पूर्वी या योजनेत ४२५ रुपये मिळायचे, मग ११०० झाले, २०२३ पासून २२५०. दिवसाला ७५ रुपये. त्यात दोन वेळचं खाणं, वह्या, गणवेश, चप्पल, औषध, मुलीचं वयात आल्यावरचं सगळं. तरी मी कधी रक्कम कमी म्हणून भांडले नाही. वेळेवर द्या, एवढंच म्हणते. महिन्याची मदत म्हणता आणि मधले महिनेच्या महिने कोरडे जातात. मुलं महिन्यातून एकदाच जेवतात असं खात्याला वाटतं का?

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत महिन्याला ४००० आहेत, असंही कुणीतरी सांगितलं. पाहिलं तर अट काय, ग्रामीण भागात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ७२ हजारांच्या आत आणि शहरात ९६ हजारांच्या. म्हणजे गावात महिन्याला सहा हजार. पाच माणसांचं घर सहा हजारांत चालवणारं कुटुंब दुसऱ्याचं मूल सांभाळू शकेल, असं ज्यांनी लिहिलं त्यांनी एक महिना सहा हजारांत काढून दाखवावा.

आता माझंही ऐका. डॉक्टरांनी मला गर्भपिशवीचं ऑपरेशन सांगितलंय. मी पुढे ढकलते आहे, कारण महिनाभर मशीनवर बसले नाही तर घरात काय येणार? रात्री बारा-एकपर्यंत शिवते, लग्नसराईत तर पहाट होते. डोळे गेले. बचत गटाचं कर्ज थोरलीच्या अकरावीच्या वेळी काढलेलं अजून फिटतंय. माझा स्वतःचा मुलगा दहावीत आहे, त्याने शिकवणी लावायची म्हटलं तर मी नाही म्हणाले. तो काही बोलला नाही, पण त्याच्या वाट्याचं मी तिघांत वाटते, हे त्याला दिसतं. सासरची माणसं म्हणतात, दुसऱ्याची पोरं कशाला पोसतेस? तुमचं खातंही शेवटी त्यांचीच भाषा बोललं, याचा मला जास्त राग आहे.

थोरलीचं सांगते. ती हुशार आहे, तिला नर्सिंग करायचंय. व्यावसायिक शिक्षणाला मुलींची फी माफ असा शासन निर्णय २०२४ मध्ये निघाला, पण त्यासाठी आमच्यासारख्यांना ओबीसीचा जातीचा दाखला लागतो. दाखल्यासाठी १९६७ च्या आधीचा पुरावा, आणि तो वडिलांकडच्या नात्यातला. वडिलांकडचे लोक दारात उभं करत नाहीत. कागद मागितले की त्यांना वाटतं, पोरं उद्या जमिनीत हिस्सा मागतील. माझ्या माहेरचे कागद चालत नाहीत. मुलगी वाढवायला मावशी चालते, जात सिद्ध करायला बापच लागतो!

आणि वयाचं बघा. लेक लाडकी योजनेत १८ पूर्ण झाल्यावर ७५ हजार आहेत, पण १ एप्रिल २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलींना. लाडकी बहीण २१ पासून. बालसंगोपन १८ ला बंद. म्हणजे माझी थोरली आता सरकारचं मूल राहिली नाही, लेक कधी नव्हती, आणि बहीण व्हायला तीन वर्षं बाकी आहेत. या तीन वर्षांत तिने काय करायचं? सोयरे सांगतात ते करायचं का, लग्न? बारावीला असताना दोन स्थळं आणून झाली लोकांची. बालविवाह थांबवा म्हणून तुमचे फलक लागतात. १८ वर्षं आणि एक दिवस झालेल्या पोरीचं शिक्षण थांबवून लग्न लावलं तर ते कुठल्या फलकात बसतं?

कायद्यात १८ ते २१ वर्षांच्या मुलांसाठी अनुरक्षण, म्हणजे नंतरचा आधार, आहे, पण ते संस्थेतून बाहेर पडलेल्यांना. घरात वाढलेल्याला नाही. मी हिला चार वर्षांपूर्वी संस्थेत टाकलं असतं तर आज तिला २१ पर्यंत आधार मागता आला असता. मी पदराखाली घेतलं म्हणून तिचा हक्क गेला. कुटुंब पहिलं म्हणणाऱ्या कायद्यात कुटुंबालाच ही शिक्षा आहे, आणि मंत्री महोदय, हे तुम्ही बदलू शकता. केंद्राकडे बोट दाखवू नका, राज्याने स्वतःच्या पैशाने स्वतःची योजना २१ पर्यंत न्यावी, त्याला कोण अडवतंय?

आमच्या गल्लीत मी एकटी नाही. दोन घरं सोडून एक म्हातारी आहे, लेक-सून ऊसतोडीला गेले की दिवाळीपासून पाडव्यापर्यंत तीन नातवंडं तिच्या अंगावर. तिला स्वतःला धड दिसत नाही. पलीकडे एका शेतकऱ्याने जीव दिला, त्याची दोन पोरं काकाकडे आहेत. सरकारने मदत दिली एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, आणि ते पात्र ठरलं तर! अशा घरांना कोण सांभाळतं? शाळेतल्या बाईंनी थोरलीची परीक्षा फी भरली. बचत गटातल्या बायका माझ्या आजारपणात पोरांना जेवायला नेतात. किराणावाला वही मिटून ठेवतो, मागत नाही. मूल गावाने वाढवायचं असतं तर गाव वाढवतंय. सरकार कुठे आहे? गावागावात बाल संरक्षण समिती आहे म्हणे, सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी ताई सचिव. आमच्याकडे तिची पाटी पाहिली, बैठक झालेली कुणी पाहिली नाही. अंगणवाडी ताईला दोष देणार नाही. लसीकरण ती, पोषण आहार ती, सर्वेक्षण ती, निवडणुकीचं काम ती, आणि मानधनासाठी २०२३ च्या डिसेंबरात संपावर बसावं लागलं तेही तिलाच. तिच्या डोक्यावर आणखी एक समिती ठेवली की खात्याचं काम संपलं!

मूल कुणाकडे राहील याचा आदेश देते ती जिल्ह्याची बाल कल्याण समिती. तिने महिन्यातून किमान वीस दिवस बसावं असं कायदा सांगतो. आमचा आदेश नूतनीकरणाला गेला तेव्हा आधी सदस्य नव्हते, मग होते तर अहवाल नव्हता, अहवाल आला तर सही राहिली. गरिबाचा दिवस बुडतो, भाडं जातं, रोजगार जातो, हे कुठल्या अहवालात लिहितात?

आणि पैसे नाहीत, यंत्रणा नाही, असं मला सांगू नका. २०२४ च्या जूनमध्ये लाडकी बहीण जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये एक कोटीहून जास्त बायकांच्या खात्यात पैसे पडले. सुट्टीच्या दिवशी सेतू उघडे होते, कॅम्प लागले, फॉर्म घरी येऊन भरून नेले. मलाही मिळाले, खोटं का बोलू. ते माझे पैसे या पोरांवरच गेले. पण त्या दिवसांत कळलं की सरकारला हवं असलं की सगळं होतं, आधार जुळतं, बँक ऐकते, निधी येतो. बारा वर्षांच्या पोराला मत नाही, म्हणून त्याची फाईल खाली. पक्ष कुठलाही असो, सगळ्यांच्या राज्यात ती खालीच होती. मुख्यमंत्री बदलले, मंत्री बदलले, योजनेचं नाव बदललं.

नावाचं तर बोलूच द्या. सावित्रीबाईंनी आणि जोतिरावांनी काशीबाई या विधवेचं मूल पोटाशी धरलं, त्याला यशवंत म्हटलं, शिकवून डॉक्टर केलं. १८९७ च्या प्लेगात याच यशवंताच्या दवाखान्यासाठी रोगी उचलून आणताना सावित्रीबाई गेल्या. त्यांनी कुणाला ‘झेपत नसेल तर’ म्हटलं नाही. त्यांचं नाव लावलेल्या योजनेत हे वाक्य माझ्या मुलासमोर उच्चारलं गेलं. मला त्या माणसाची बदली नको, निलंबन नको. खात्याने लेखी सांगावं की हे वाक्य कुणीही, कुठल्याही सांभाळणाऱ्या आजीला, मामाला, काकूला बोलणार नाही.

बाकी माझं मागणं एवढंच. धाकट्याचे थकलेले हप्ते जमा करा आणि पुढचे ठरलेल्या तारखेला द्या. शिकत असलेल्या मुलाचं नाव १८ ला कापू नका. बाल कल्याण समितीच्या आदेशावरच सांभाळणाऱ्याला पालक म्हणून बँकेत, शाळेत, तहसीलमध्ये धरावं, असा शासन निर्णय काढा. जातीच्या दाखल्यासाठी अशा मुलांच्या वडिलांकडचे कागद तहसीलने स्वतःच्या दप्तरातून शोधावेत, आमच्यासारख्यांना त्या दारात भीक मागायला लावू नये.

थोरलीची परीक्षा फेब्रुवारीत आहे, निकालानंतर प्रवेश सुरू होतील. मला उत्तर त्याच्या आधी हवंय, आणि लेखी हवंय. ‘आपला अर्ज योग्य कार्यवाहीसाठी पुढे पाठवला आहे’ असं छापील पत्र पाठवू नका, ती माझ्या पिशवीत भरपूर आहेत.

आपली,
दोन मुलांना सांभाळणारी त्यांची मावशी