विसार आणि ताबा : एका दस्तलेखक काकांना आभारपत्र

सांगली

आदरणीय काका,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आपली दृष्टी अधू झाल्यापासून आपण साताऱ्याला लेकीकडे असता आणि आलेली पत्रे तीच आपल्याला वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे. तरीही हे पत्र मी उघडे लिहीत आहे. महापुरानंतर आमच्या घरी येऊन एका पाहुण्या प्रचारकांनी ‘आपलाच विश्वास कुठेतरी कमी पडला असावा’ असे जे वाक्य उच्चारले होते, ते आजही आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दुखावलेल्या माणसांना ऐकवले जाते. आणि त्यावर आपण जे उत्तर दिलेत, ते फक्त आमच्या ओसरीपुरते राहावे असे मला वाटत नाही. आपले नाव मात्र लिहीत नाही. आपल्याला ते आवडले नसते.

ऑगस्ट २०१९ मधील ते दिवस आपल्याला नव्याने सांगायला नकोत. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. आमच्या गल्लीत प्रत्येक घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती. सगळ्यांनी आपापले सामान त्या खुणेच्या हातभर वर रचले आणि सगळे निर्धास्त झाले. बाबांनीही लोखंडी ट्रंक माळ्यावर टाकली. नदी या वेळी जुन्या खुणेच्या तीन फुटांहून अधिक वर चढली. बोटीतून बाहेर पडलो, मिरजेला आत्याकडे राहिलो आणि पाणी ओसरल्यावर परतलो, तेव्हा दार उघडताच मला सर्वांत आधी दिसली ती दारावर टांगलेली वचनाची काचेची चौकट. माझी आजी मिरजेच्या मिशन इस्पितळात परिचारिका होती, डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या त्याच इस्पितळात. निवृत्तीच्या वेळी तिला ती चौकट भेट मिळाली होती. आत यशयाच्या ४३ व्या अध्यायातले दुसरे वचन होते, जलांतून चालशील तेव्हा मी बरोबर असेन आणि नद्या तुला बुडवणार नाहीत, असे सांगणारे. काचेच्या आत गाळ साचला होता आणि भिंतीवरची चिखलाची रेघ चौकटीच्या वीतभर वर होती.

बाबा त्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिले आणि नंतर फक्त एवढेच म्हणाले, “बुडवलं की गं नदीनं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण आलात. इतर लोक फावडी आणि पाण्याचे टँकर घेऊन आले होते, त्यांचेही उपकार आहेतच, परंतु आपण पिशवीतून जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी, स्टीलची पट्टी आणि टाल्कम पावडरचा डबा काढलात आणि “ट्रंक कुठे आहे?” असे विचारलेत. बाबांनी कागद अंगणात उन्हात पसरले होते. ते आपण घाईने सावलीत आणायला लावलेत, कारण उन्हात ओला कागद आकसतो आणि पाने एकमेकांना कायमची चिकटतात. मग ओसरीवर मांडी घालून आपण पट्टीची कड पानांच्या मध्ये अलगद सरकवत एकेक पान सोडवू लागलात, प्रत्येक पानाखाली रद्दीचा कागद, वर रद्दीचा कागद, आणि दर तासाला ती रद्दी बदलायची. बाबांचा बाप्तिस्म्याचा दाखला वाचला. आईची पोथीसारखी जाड झालेली बायबल वाचली. ती आजही मिटत नाही. घराचे खरेदीखत मात्र हातात घेताच लगदा झाले. आपण तो लगदा बाबांच्या हातातून काढून घेतलात आणि म्हणालात, “मास्तर, कागद भिजला, नोंद भिजत नाही.”

त्याच दिवशी संध्याकाळी ते प्रचारक आले. त्यांच्या हेतूविषयी मला आजही शंका नाही, पण प्रार्थना संपल्यावर ते बाबांना म्हणाले की, वचन खोटे ठरत नसते, आपलाच विश्वास कुठेतरी कमी पडला असावा. आयुष्यभर पहाटे पाचला गुडघे टेकणाऱ्या माणसाला हे ऐकावे लागले. बाबांनी उत्तर दिले नाही, पण त्यानंतर कित्येक दिवस घरात मोठ्याने प्रार्थना झाली नाही, आणि मी तर मंडळीत जाणेच सोडले.

आपण वाद घातला नाहीत. पुढचे दोन महिने आपण बाबांना स्कूटरवर मागे बसवून नोंदणी कार्यालयात नेत राहिलात. वर्ष आठवत नव्हते म्हणून शोध घेतलात, अर्ज केलात, चुकलेला अर्ज पुन्हा केलात आणि एके दुपारी शिक्क्यासह साक्षांकित नक्कल घेऊन आलात. १९०८ च्या कायद्याने दस्त नोंदवला जातो तेव्हा मूळ कागद मालकाकडे परत येतो आणि त्याची प्रत सरकारी पुस्तकात राहते, हे आपण बाबांना समजावलेत, आणि मग बॅगेतून बायबल काढून यिर्मयाचा ३२ वा अध्याय उघडलात. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. चहा उतू गेला तो त्याच दिवशी.

तो अध्याय मी लहानपणापासून ऐकला होता, पण दस्तलेखकाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला आहे, संदेष्टा यिर्मया राजवाड्याच्या चौकात कैदेत आहे, आणि अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन अनाथोथची जमीन विकत घे म्हणतो. अनाथोथ यरुशलेमपासून जवळच, म्हणजे शत्रूच्या हाती गेलेला मुलूख. “पुराच्या पाण्यात बुडालेली जमीन पाणी न ओसरताच कुणी विकायला आला तर भाव काय देशील, मास्तर?” असे आपण विचारलेत. यिर्मयाने १७ शेकेल रुपे मोजले. शेकेल म्हणजे जवळपास आपला तोळाच, हे सांगून आपण पुढे एकेक बाब बोटावर मोजलीत: मोबदला काट्यावर तोलला, साक्षीदार घेतले, सही केली, मोहोर केली, आणि प्रती दोन केल्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. “बघा, त्या काळीही नक्कल होती,” असे म्हणून आपण हसलात आणि बाबाही, पुरानंतर पहिल्यांदाच, हसले.

माझ्या मनात मात्र रुतले ते पुढचे. आपण सतराव्या वचनापासून हळूहळू वाचत गेलात, कारण दस्त हवाली केल्यानंतर यिर्मया प्रार्थना करतो आणि त्या प्रार्थनेच्या शेवटी तो देवाला जवळजवळ जाबच विचारतो, की वेढ्याचे मोर्चे भिंतीला भिडलेले आहेत आणि तू मला शेत विकत घे म्हणतोस. पैसे मोजून झाले होते, सही झाली होती, आणि प्रश्न तरीही शिल्लक होता. “ज्याने सही केली त्यालाच प्रश्न पडला, आणि देवाने त्याला विश्वास कमी पडला असे म्हटले नाही,” हे आपले वाक्य मी त्याच दिवशी हिशेबाच्या वहीत लिहून ठेवले.

बाबांनी चौकटीतल्या वचनाविषयी विचारले तेव्हाही आपण दस्तलेखकच राहिलात. दस्तात जे लिहिले आहे तेवढेच वाचायचे, जे लिहिलेले नाही ते पदरचे घालायचे नाही, असे म्हणून आपण बोट ‘तेव्हा’ या शब्दावर ठेवलेत. पाणी येणार नाही असे त्यात कुठेही नाही. चालशील तेव्हा, असे आहे. ज्यांना उद्देशून यशया बोलत होता त्यांचे घर, शहर, मंदिर असे काहीही शाबूत राहिलेले नव्हते, आणि तरी त्यांनाच ‘मी बरोबर असेन’ असे सांगितले होते. घराच्या भिंतीची हमी त्या वचनात आम्ही घातली होती. आपण तर मिस्कीलपणे असेही म्हणालात की, गल्लीने भरवसा ठेवला तो देवाच्या वचनावर नव्हताच, २००५ च्या खुणेवर होता.

मग आपण इफिसकरांस पत्रातला पहिला अध्याय काढलात, जिथे पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा विसार म्हटले आहे. हा शब्द मी शंभर वेळा वाचला असेन. चाळीस वर्षे तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या माणसाने तो उलगडला तेव्हा कळले की विसार म्हणजे सौदा ठरताना आगाऊ दिलेली नुसती रक्कम नव्हे. विसार देणारा बांधला जातो. एरवी जमीन विकत घेणारा विसार देतो आणि विकणारा जमीन देतो. इथे वतनही देवाचे आणि विसारही देवानेच दिलेला. विसार आणि ताबा यांच्या मध्ये जो काळ जातो, तो कधी सहा महिन्यांचा असतो, कधी एक पिढी जाते, आणि त्या काळात बांधावर उभे राहिलेल्या माणसाला शेजारी वेड्यात काढतात. विश्वास म्हणजे हाच काळ, असे आपण बाबांना सांगितलेत.

यिर्मयाला त्या शेताचा ताबा कधीच मिळाला नाही. शहर पडले आणि पुढे त्याला मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, नेण्यात आले. पण आपण एज्राच्या दुसऱ्या अध्यायातली, वाचताना सगळेच जण उड्या मारून पुढे जातात ती यादी बाबांसमोर धरलीत, आणि बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्यांत ‘अनाथोथचे लोक १२८’ या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलीत. बाबा त्या आकड्याकडे बघत राहिले. त्यांच्या बायबलमध्ये ती रेघ अजून आहे.

बाबा २०२० च्या जानेवारीत गेले. शेवटच्या आठवड्यांत ते पुन्हा मोठ्याने प्रार्थना करू लागले होते, आणि देवाने घर का बुडवले हा प्रश्नही त्या प्रार्थनेत रोज असे. पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली, नंतर वाटेनाशी झाली. अंत्यविधीच्या वेळी आपण इब्री लोकांस पत्राचा ११ वा अध्याय वाचलात आणि ‘वचनानुसार फलप्राप्ती झाली नसता हे सर्व जण विश्वासात टिकून मेले’ या आशयाच्या तेराव्या वचनापाशी थोडे थांबलात. सगळा देश देण्याचे वचन ज्याला मिळाले होते त्या अब्राहामाला आपली पत्नी सारा हिच्या कबरेसाठी ४०० शेकेल मोजून जागा विकत घ्यावी लागली, हे आपण कबरस्तानातून परतताना माझ्या भावाला सांगत होतात. ते त्याला किती कळले कोण जाणे, पण तो आपला हात धरून चालत होता.

आणखी एका गोष्टीसाठी आपले आभार मानायचे आहेत, आणि ती कदाचित सर्वांत अवघड होती. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी घरात आले, तेव्हा भाऊ घर विकू या म्हणू लागला आणि मी यिर्मयाचे शेत पुढे करून त्याला अडवू लागले. आपण मला स्पष्ट सांगितलेत की अनाथोथचे शेत घेण्याची आज्ञा यिर्मयाला होती, मला नव्हती. आपल्या हट्टाला वचनाचा शिक्का मारणे हा त्या प्रचारकांच्याच वाक्याचा दुसरा भाऊ आहे. मला राग आला होता. तरी पुढच्या वर्षी आम्ही घर विकले आणि विश्रामबागेकडे उंचावर दोन खोल्या घेतल्या. दोन्ही दस्त आपणच लिहिलेत, दिसत नव्हते म्हणून भिंग घेऊन, आणि लिखणावळ घेतली नाहीत.

आजीची चौकट नव्या घरात दारावरच आहे. काच मी बदलली, आतला गाळाचा डाग तसाच ठेवला. येणारे जाणारे विचारतात.

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला येईन, आपल्यासाठी कमी तिखटाचे भडंग घेऊन. त्या १२८ जणांत हनामेलाच्या घरचे कुणी असेल का आणि मातीचे ते भांडे त्यांनी उकरून काढले असेल का, हा आपला वाद अर्धा राहिला आहे. शास्त्रात तसे लिहिलेले नाही, हे आपण म्हणणार, हे मला ठाऊक आहे.

आपली कृतज्ञ,
मास्तरांची थोरली