रत्नागिरीच्या मॅडमना, नाशिकहून

आदरणीय मॅडम,

त्या दिवशी फोनवर मला धड आभारही मानता आले नाहीत. "अहो, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुमचं नाव घालत नाही, कारण ते तुम्हाला रुचणार नाही.

नोकरी सांभाळून, घरबसल्या, कथालेखनाचा अभ्यासक्रम करायचा हे मी ठरवलं तेव्हा घरातून विरोध झाला नाही, पण विचारपूसही झाली नाही. मी द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करते. जानेवारी ते एप्रिल सीझन असतो, तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि तुम्ही तपासता ते स्वाध्याय नेमके तेव्हाच द्यायचे असतात. सिडकोतून पहाटे कंपनीची गाडी निघते. दिंडोरी रोडनं म्हसरूळ मागे पडलं की गाडीतल्या सगळ्याजणी पेंगायला लागतात. मी त्या वेळात मोबाईलवर धडे वाचायचे आणि डोक्यातल्या डोक्यात वाक्यं जुळवायचे. ती ऐकायला मात्र कुणी नव्हतं.

तुमच्या आधी ज्यांनी ज्यांनी माझं लिखाण हातात घेतलं, त्यांच्याविषयी आज बोलणार आहे. एका ठिकाणी फी भरून घेतली आणि माझी कथा "बरी आहे, भाषा सुधारा" एवढ्या शेऱ्यानिशी परत आली. कुठली भाषा, कुठे सुधारू, काही नाही. पानं उलटल्याची खूणसुद्धा नव्हती. दुसऱ्या ऑनलाईन वर्गात एका सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की फॅक्टरीतल्या बायकांवर कोण वाचणार, त्यात जरा निसर्ग आणा, गोदावरी आणा, सूर्यास्त आणा. मी आणला. त्या सरांना एवढंच विचारायचं होतं की दलित कथाकार बाबूराव बागूल आमच्याच नाशिकजवळच्या विहितगावचे, त्यांनी कुणाचा सूर्यास्त उसना घेतला होता? तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही, आज विचारते.

मनाला जास्त लागलं ते हे की सगळं या गावात राहून घडत होतं. इथलं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं. तात्यासाहेब शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, इथे राहिले, इथेच त्यांच्या दाराशी नवशिकी पोरं कविता घेऊन जायची असं जुनी माणसं अजून सांगतात. 1989 मध्ये मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, गंगापूर धरणाच्या वाटेवर त्याचा परिसर आहे, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. आणि मला माझ्या दहा पानांना एक वाचक मिळेना!

मग तुम्ही आलात. आलात म्हणजे काय, एका रात्री व्हॉट्सॲपवर तुमचा आवाज आला.

मला वाटलं होतं, सूचना असतील. मी हेडफोन लावून गॅलरीत उभी राहिले. तुम्ही काही सांगितलंच नाही. "ऐका हं," म्हणालात आणि माझी कथा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलात. सगळी. मध्येच तुमच्या कुकरची शिट्टी झाली, तुम्ही थांबलात, गॅस बंद केल्याचा आवाज आला, आणि तुम्ही तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलंत. अर्धवट सोडून पुढे गेला नाहीत. मॅडम, तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझं एक वाक्य तुटू नये म्हणून रत्नागिरीतली एक बाई स्वयंपाक थांबवते, हे मला झेपलं नाही.

वाचताना तुम्ही कुठेही नाटकी झाला नाहीत. कात्रीनं तडकलेले मणी काढणाऱ्या बायका, थंडगार हॉलमध्ये दुपारपर्यंत बधिर होणारी बोटं, डोक्यावरच्या जाळीखाली खाजणारं कपाळ, हे सगळं तुम्ही सावकाश वाचलंत, जणू तिथे उभ्या राहून बघताय. आणि तो सूर्यास्त आला तेव्हा तुमचा आवाज आपोआप सपाट झाला. तुम्ही मुद्दाम केलं नसणार. पण मला ऐकू आलं. ते पान माझं नव्हतं, त्या सरांचं होतं. त्याच रात्री काढून टाकलं. शेवटी तुम्ही एवढंच म्हणालात, "पुढे काय झालं त्या बाईचं, मला जाणून घ्यायचंय." बस्स. लाल शाई नाही, गुण नाहीत.

हे तुमच्या कामात बसत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. स्वाध्याय तपासला, आकडा टाकला, की तुमची जबाबदारी संपत होती. अशी माणसं असतात, नेमून दिलेल्या कामाच्या एक पाऊल पुढे जातात आणि त्याची वाच्यताही करत नाहीत. आमच्या गाडीचा ड्रायव्हर एखादी बाई धावत येताना दिसली की गाडी रेंगाळत ठेवतो, शिव्या तो स्वतः खातो. वाचनालयातल्या एका ताईंनी मला हवं असलेलं पुस्तक चिठ्ठी लावून बाजूला काढून ठेवलं होतं, मी मागितलेलंही नसताना. यांची नावं कुठल्या फलकावर लागत नाहीत. पण माझ्यासारखीचं चाललंय ते यांच्या जिवावर, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

आता एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती ती सांगते. तुमचं रेकॉर्डिंग मी जेवणाच्या सुट्टीत लाईनवरच्या बायकांना ऐकवलं. तुम्हाला न विचारता. डबे उघडे राहिले. आमच्यातली सगळ्यात थोरली मावशी शाळेची पायरी न चढलेली आहे. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ही बाई कधी आपल्याकडं कामाला होती का गं?" मी म्हटलं, नाही मावशी, लिहिलंय मी, वाचतायत त्या. तर मावशी म्हणाली, "मग घड देठानं धरायचा असतो, मण्याला बोट लावायचं नसतं, हे कसं नाही लिहिलंस? ते तर आधी पाहिजे."

मावशीचं म्हणणं खरं आहे. मण्यावरची पांढुरकी झाक बोटानं पुसली गेली की माल मागे पडतो. ते मी आता पहिल्याच परिच्छेदात घातलंय. नवा खर्डा सोबत जोडलाय. सवड होईल तेव्हा वाचा, घाई नाही. आणि त्या बाईचं पुढे काय झालं, तेही आता लिहून झालंय, नवव्या पानापासून.

तुमची विद्यार्थिनी,
सिडको, नाशिक