पत्रे खरी ठरली, तरी वाद उरतोच

महोदय,

चर्चमधील अधिकार बिशपाकडे असावा की नाही, याविषयी आपल्या स्तंभात चाललेला वाद वाचतो आहे. एक बाजू म्हणते, अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने दुसऱ्या शतकाच्या आरंभीच आपल्या पत्रांत बिशपांचा अधिकार लिहून ठेवला, मग बोलायचे काय उरले? दुसरी बाजू ती पत्रेच बनावट ठरवते.

भेसळ झाली, हे खरेच. मूळच्या पत्रांत मजकूर घुसडला गेला आणि त्यांत नवी पत्रेही मिसळली. एक तर थेट पवित्र मरियेला लिहिलेले, सोबत तिचे उत्तरही! पण ही भेसळ निवडून बाजूला काढली ती सतराव्या शतकातले आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी. प्राचीन लेखकांनी दिलेले उतारे प्रचलित पाठाशी जुळत नाहीत, मात्र मध्ययुगीन इंग्लंडमधल्या काही लेखकांच्या उताऱ्यांशी जुळतात, एवढ्या धाग्यावरून त्यांनी लॅटिन हस्तलिखिते शोधली आणि १६४४ मध्ये शुद्ध पाठ छापला. पुढे १६४६ मध्ये आयझॅक वॉसियस या डच विद्वानाने फ्लॉरेन्समधील ग्रीक हस्तलिखित प्रसिद्ध केले. त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेने बिशपपद रद्द केले. अशा काळात स्वतः बिशप असताना आपल्याच बाजूचा पुरावा चाळणीतून काढायला धैर्य लागते. आज बहुतेक अभ्यासक सात पत्रे अस्सल मानतात, काहींना अजूनही शंका आहे.

सातही अस्सल धरू. बिशपाला वगळून काही करू नका, हे इग्नेशियस पत्रामागून पत्रात बजावतो. सगळे मुकाट्याने ऐकत असते, तर इतके बजावायची गरज काय होती? रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तर तिथल्या बिशपाचा उल्लेखच नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून करिंथला गेलेले, क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाणारे पत्र पाहा. तिथल्या मंडळीने पदच्युत केलेल्या वडिलांची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांची, बाजू त्यात घेतली आहे. वडील, अनेकवचनी. एकट्या बिशपाचे राज्य तिथे दिसत नाही. म्हणजे गावोगावची व्यवस्था अजून घडत होती आणि इग्नेशियस त्यातल्या एका बाजूने हिरिरीने भांडत होता. त्याची साक्ष मोलाची आहे, पण तो निवाडा नव्हे.

नागपुरात १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा बिशप मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या मंडळ्या वाटाघाटी करून एकत्र आल्या आणि बिशपपद ठेवले. आपल्या पत्रलेखकांनी त्या वाटाघाटींबद्दलही लिहावे.

एक ख्रिस्ती वाचक, नागपूर