मंत्रिमहोदय, खाडीचा सातबारा कुठून आणू?

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

आमच्या खाडीतल्या पाण्याचा अहवाल परवा हाती पडला. 'पीएच ८.३, निकषांनुसार समाधानकारक.' पीएच म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, आकडा उतरला की आम्लता चढते. समाधान कोणाचं, ते लिहिलेलं नाही. त्याच पाण्यात आमच्या बचत गटाची कालवं आ वासून सडली. तराफ्याची दोरी वर ओढली, तर रिकामे शिंपले खुळखुळत आले. जे थोडं बीज धरलं होतं, त्याचं कवच नखाने दाबलं की पापडासारखं मोडत होतं. लाखाच्या वर गेले, जास्तच असतील. कर्ज बायकांच्या नावावर आहे आणि बँकेला समाधानकारक पीएच चालत नाही.

तुमचे साहेब नमुना घ्यायला आले ते ऊन डोक्यावर आल्यावर. जेट्टीवर वाकून बाटली वरच्यावर बुडवली आणि गेले. माझी पुतणी समुद्रविज्ञान शिकते, तिने डोक्यात घातलं ते ऐका. पाणी हिरवं झालं की शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून दुपारी पीएच चढतो. रात्री तेच शेवाळ तो परत सोडतं. पुढे ते मरून तळाला बसतं, जिवाणू ते कुजवताना प्राणवायू संपवतात आणि आणखी कार्बन डायऑक्साइड सोडतात. पीएच उतरतो, कार्बोनेट घटतं, आणि कालवाचं पिल्लू कवच बांधतं ते त्याच कार्बोनेटवर. म्हणजे शेवाळ जोरात असतं, तेव्हाच तुमचा अहवाल झकास!

निकष तरी काय, तर ६.५ ते ८.५. उघड्या समुद्राचा पीएच ८.१ च्या आसपास असतो. तो ६.५ वर आला तर आम्लता सुमारे ४० पट होईल, आणि कागदावर तरीही समाधानकारक.

मागणी मोठी नाही. उजाडण्याआधी या, तळाजवळचं पाणी घ्या, पीएचबरोबर क्षारता (म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद) आणि विरघळलेला कार्बनही मोजा. गेल्या वर्षी सभेत 'खाडीत कायमचं यंत्र बसवतो' म्हणालात, टाळ्या आम्हीच वाजवल्या. नारळ फुटला तो नव्या जेट्टीचा. शेजारी गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली; तिथल्याच कांदोळीसमोरचं पाणी ते वर्षानुवर्षं मोजतात. एक फोन करायला निविदा लागत नसावी.

आणि शेवाळाला पोसतं कोण? खाडीकाठच्या दहातल्या नऊ गटारांचं तोंड खाडीतच आहे. मोजली नाहीत मी, वासावरून सांगते. वर शेतातलं खत पावसाबरोबर येतं ते वेगळंच. तुमच्या परिषदांत 'नील अर्थव्यवस्था', म्हणजे समुद्रावरची कमाई, गाजते, इथे अर्थव्यवस्था हिरवी होऊन कुजते. मुंबईत बसलेल्यांना कोकण दिसतं ते फक्त सुट्टीत आणि निवडणुकीत.

आंबा गेला की पंचनामा होतो, व्हायलाच हवा. कालवांची भरपाई मागायला गेले, तर कचेरीत म्हणाले, "सातबारा आणा." खाडीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, ते आता तुम्हीच कळवा. गटारं सोडणाऱ्यांकडे तर कोणी तो मागितला नाही.

आपली,
कालवं पिकवणारी एक बाई,
जि. सिंधुदुर्ग