पेरणीच्या तोंडावरचा हातउसना निधी : एम.एस्सी. भौतिकशास्त्राला जाणाऱ्या मुलांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

धारणी तालुक्यातल्या आपल्या वाचनालयात संध्याकाळी सातनंतर कोपऱ्यातल्या टेबलावर पाच मुलं भौतिकशास्त्र घेऊन बसतात. बहुतेक कोरकू आदिवासी, त्यात दोन मुली. घरी कोरकू, शाळा मराठी, बी.एस्सी. इंग्रजीत. आता ती ‘जॅम’ देणार आहेत. आयआयटीत एम.एस्सी.ला याच परीक्षेतून जाता येतं. तीन तास, साठ प्रश्न, शंभर गुण, सगळं इंग्रजीत आणि संगणकावर. कॅल्क्युलेटरसुद्धा पडद्यावरचाच.

अभ्यासाला ती कमी पडत नाहीत. अडतं पुढे. यादीत नाव लागलं की जागा पक्की करायचे पैसे मोजक्या दिवसांत भरावे लागतात. शिष्यवृत्ती येते ती प्रवेश झाल्यावर, आणि तीही उशिरा. याद्या लागतात मे-जूनमध्ये, म्हणजे घरात होता-नव्हता तो पैसा सोयाबीनच्या बियाण्यात आणि खतात गेलेला असतो.

मागच्या वर्षी एका मुलीचं नाव लागलं होतं. वडील पैशासाठी चार गावं फिरून आले, तोवर मुदत संपली. तिनं आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. याचं दुःख समितीत प्रत्येकाला आहे. ती यंदा पुन्हा बसते आहे.

म्हणून हा हातउसना निधी. बिनव्याजी द्यायचा, शिष्यवृत्ती हाती आली की मुलानं परत करायचा, मग तोच पैसा पुढच्याला. एक लाख रुपये जमवायचे आहेत. समितीच्या सदस्यांनी अठरा हजार घातले आहेत. शंभर रुपयेही चालतील. पावती वाचनालयातच मिळेल, हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल.

पैशाइतकीच माणसं हवीत. कुणी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं असेल तर महिन्यातून दोन रविवार पुंजयांत्रिकी (क्वांटम मेकॅनिक्स) आणि विद्युतचुंबकत्व शिकवायला यावं. ही दोन प्रकरणं मुलांना एकट्यानं झेपत नाहीत. चालू स्थितीतला जुना लॅपटॉपही द्यावा, पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरचा हात बसायला हवा.

आणि नागपुरात कुणाचं घर असेल तर फेब्रुवारीत परीक्षेच्या आदल्या रात्री एका मुलाला ठेवून घ्या. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा ढाक्याजवळच्या खेड्यातल्या दुकानदाराचा मुलगा. पुढच्या शाळेसाठी गाव सोडावं लागलं, तेव्हा एका डॉक्टरांनी त्यांना घरी ठेवलं, जेवू घातलं. ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारं त्यांचं १९२० सालचं समीकरण ही मुलं आज त्याच टेबलावर सोडवतात.

निधी मेअखेरपर्यंत हातात हवा. वाचनालय रोज संध्याकाळी सहा ते नऊ उघडं असतं.

आपली,
वाचनालय समिती