सुरतेच्या काकांना कार्ड

महोदय,

पत्रलेखन संपलं, असं म्हणणाऱ्यांनी आमच्या आईला भेटावं. सुरतेच्या काकांना ती आजही ५० पैशांचं पोस्टकार्ड लिहिते. ‘फोनवर आर्धं र्‍हाई जास,’ आमच्या अहिराणीत म्हणते. कपाशीचा भाव, व्यालेली म्हैस, समोरच्या आजींचा गुडघा, सगळं त्यात. जागा संपली की कडेने उभ्या ओळी. श्रावणात मुख्य चौकशी रोटांची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या नैवेद्याची. कानबाईच्या रोटांना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू लागतात, म्हणून तिकडे नातू झाला का, हे तिला वेळेत कळायला हवं. काका उत्तरादाखल मोबाइलवर नुसता अंगठा पाठवतात. ‘देर माले आंगठा दखाडस!’ (दीर मला अंगठा दाखवतो!) म्हणत आई पुढचं कार्ड काढते.

– एक वाचक, अमळनेर